एक मात्रा जास्त

किन्हवलीत एसटी थांब्यासमोर प्रेमा विशे यांचं टायपिंगचं दुकान गेली बावीस वर्षं चालू आहे. आसपासच्या गावांतल्या लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद, ग्रामपंचायतीचे ठराव, बचत गटांचे अर्ज, एकमेकांविरुद्धच्या तक्रारी, सगळं त्यांच्या बोटांखालून जातं. शहापुरात कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट आपल्यापेक्षा वेगवान आहेत आणि मुरबाडचे डिझाइनवाले आपल्यापेक्षा रंगीत, हे प्रेमाताई स्वतःच सांगतात. "पण आमच्याकडं चूक नाय सापडायची," एवढं मात्र त्या शेवटी जोडतात, आणि ते जोडण्यासाठीच आधीचं सगळं सांगितलेलं असतं.

ही सवय त्यांना के. आर. गुरुजींनी लावली. काशिनाथ राघो वेखंडे हे गुरुजींचं पूर्ण नाव, पण ते फक्त मतदार यादीला माहीत. तिसरीच्या वर्गात एक वेलांटी चुकली तर तो शब्द पन्नास वेळा लिहायला लावायचे. प्रेमाताईंनी 'विहीर' हा शब्द इतक्या वेळा लिहिला होता की पुढे टायपिंगच्या परीक्षेत तो आला तेव्हा त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुकानातला जुना पडदा चौकोनी होता, चौदा वर्षांचा. त्यावर अक्षरांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसायच्या. पण दिसायच्या. रफार कुठे, अनुस्वार कुठे, बोट ठेवून दाखवता यायचं. जानेवारीतल्या एका दुपारी विजेचा दाब वरखाली झाला, पडद्यातून 'टक्' असा आवाज आला आणि तो काळा झाला तो झालाच.

त्यांची मुलगी वैष्णवी ऐरोलीला कंपनीत आहे. ती म्हणाली, "आई, आता साधा घ्यायचा नाही. फोर-के घेऊ. तुझ्या डोळ्यांना त्रास नको. अक्षरं अशी दिसतील, जशी छापलेली."

आठ दिवसांत सत्तावीस इंची खोकं आलं. प्रेमाताईंचे यजमान साईनाथराव भातसानगरला धरणावर नोकरीला आहेत. ते खोकं उतरवायला आले, पडदा बघितला आणि म्हणाले, "एवढा मोठा टीव्ही दुकानात लावला तर माणसं उठतील का?"

तो प्रश्न पुढे बरेच दिवस उद्भवला नाही, कारण पडदा लागलाच नाही. जुन्या कंप्युटरची वायर निळ्या तोंडाची, दोन स्क्रूवाली. नव्या पडद्याच्या पाठीला भोकं चार, पण त्या तोंडाचं एकही नाही. मग शहापूरहून हितेशला बोलावलं. हितेश कंप्युटर दुरुस्त करतो आणि त्याहून जास्त कंप्युटरबद्दल बोलतो. त्यानं मधे एक जोडणी लावली. चित्र आलं, पण आडवं ताणलेलं. 'ळ' लोडासारखा पसरला आणि 'ठ' अंड्यासारखा झाला.

"ताई, याच्यात त्र्याऐंशी लाख ठिपके आहेत," हितेश म्हणाला. "तुमच्या मशिनीला तेरा लाखांची सवय. ती दमणारच."

"मग आता?"

"मशीन बदलायची."

चांगल्या पडद्यासाठी चांगली मशीन आली. तिच्यात नवं विंडोज. हितेशनं बटण दाबलं आणि त्र्याऐंशी लाख ठिपके एकदम कामाला लागले. पडदा लख्ख होता, आणि त्यावर अक्षरं मुंग्यांएवढी. प्रेमाताईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, मग उभ्याच राहिल्या. माउसचा बाण तर सारखा हरवायचा. त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिलं काम हेच असायचं. एकदा ग्रामपंचायतीचे एक सदस्य ठराव टाइप करून घ्यायला आले, त्यांनी अर्धा तास बसून तीन वेळा बाण शोधून दिला आणि ठराव न घेताच निघून गेले.

"मोठं करा ना रे सगळं," प्रेमाताई म्हणाल्या.

हितेशनं मोठं केलं. शंभराचे दीडशे टक्के. विंडोजची स्वतःची अक्षरं सुरेख दिसू लागली. पण प्रेमाताईंचा सगळा संसार एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होता. बावीस वर्षांच्या पत्रिका त्यात, किनारी त्यात, गणपती त्यात. त्या प्रोग्रॅमचा जन्म झाला तेव्हा असे पडदे नव्हते, म्हणून त्याला मोठं होणं माहीत नव्हतं. विंडोज त्याला धरून ताणायचं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तशी अक्षरं धुरकट यायची.

हितेशनं कुठेतरी उजवं बटण दाबून एका चौकटीत बरोबरची खूण केली. अक्षरं स्वच्छ झाली, पण प्रोग्रॅमची बटणं मोहरीएवढी झाली. चूक मागे घ्यायच्या बटणाशेजारीच सगळं पुसायचं बटण होतं. पहिल्याच दिवशी एका बचत गटाच्या अकरा बायकांची नावं गेली. हितेशनं खूण परत काढली.

"याच्यापेक्षा लिनक्स टाकूया," तो म्हणाला. हे वाक्य तो कधी ना कधी म्हणणार, हे शहापुरात सगळ्यांना माहीत आहे. "फुकट आहे आणि कुणाच्या बापाचं नाय."

लिनक्समध्ये दोनच आकार सरळ होते, शंभर आणि दोनशे. शंभरात मुंग्या परत आल्या. दोनशेत एक पान बघायला तीनदा खाली जावं लागे.

"एक तर मुंगी नायतर हत्ती," प्रेमाताई म्हणाल्या. "मधे बकरी वगैरे काय नाय का?"

मधलं होतं, पण त्याच्यापुढे 'प्रायोगिक' असं लिहिलेलं होतं. हितेशनं प्रयोग केला. एका खिडकीत अक्षरं नीट, दुसरीत धुरकट, आणि बाण एका खिडकीतून दुसरीत गेला की लहानाचा मोठा व्हायचा. जुना प्रोग्रॅम तर उंबऱ्याशीच अडून बसला. चार दिवसांनी लिनक्स गेलं, विंडोज परत आलं. हितेश जाताना म्हणाला, "माझ्या घरी तर मस्त चालतं."

रविवारी वैष्णवी कंपनीचा मॅक घेऊन आली. एक वायर लावली आणि पडदा असा उजळला की प्रेमाताई खुर्ची ओढून जवळ आल्या. बातम्यांचं पान उघडलं होतं. 'क्ष' बोरूनं लिहिल्यासारखा, 'ज्ञ'ची गाठ न् गाठ वेगळी.

"बघ!" वैष्णवी म्हणाली. "पडद्यात खोट नव्हतीच."

"माझी एक पत्रिका उघड ना यात."

वैष्णवीनं उघडली. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, तिरक्या रेघा, डॉलरची खूण आणि तीन उद्गारचिन्हं आली. वधूचं नाव एका कंसात सुरू होऊन टक्केवारीत संपत होतं.

"हे काय गो?"

"तुझा फॉन्ट जुना आहे ना आई. तो वरून मराठी दिसतो. आत इंग्रजी अक्षरंच असतात. या मशिनीत तो फॉन्ट नाही म्हणून खरं रूप दिसलं."

प्रेमाताई त्या डॉलरकडे बघत राहिल्या. "म्हणजे बावीस वर्षं मी इंग्रजी टायपत होते?"

"तसंच काहीसं."

"मग गुरुजींनी उगाच मारलं मला."

संध्याकाळी मॅक ऐरोलीला गेला. इथं उरलं दीडशे टक्क्यांचं विंडोज आणि त्यातला धुरकट जुना प्रोग्रॅम. लग्नसराई तोंडावर होती. हितेश फोनवर म्हणाला, "होईल डोळ्यांना सवय." डोळ्यांना खरंच सवय झाली, आणि नडली तीच.

मार्चमध्ये हरेश वेखंडे आले. गुरुजींचा मुलगा. त्यांच्या मुलीचं, पूजाचं लग्न ठरलं होतं. मजकूर गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता, त्यात शोधूनही चूक सापडणं शक्य नव्हतं. वर घराण्यातल्या गेलेल्या चार माणसांची नावं, प्रत्येकापुढे 'कै.' लावलेलं. मधे वधूवर, मुहूर्त, स्थळ. आणि खाली निमंत्रक म्हणून, हरेशच्या आग्रहावरून, लोकांना कळेल असं नाव: 'के. आर. गुरुजी व समस्त वेखंडे परिवार'.

प्रेमाताईंनी नेहमीसारखं टाइप केलं. वधूवरांची नावं मोठी करून तपासली, तारीख तपासली, वार पंचांगाशी ताडून बघितला. खालची ओळ मोठी केली नाही. ज्या नावानं आपल्याला लिहायला शिकवलं त्यात आपण काय चुकणार? पण चार वेळा 'कै.' टाइप केलेली बोटं पाचव्यांदाही तीच कळ दाबून मोकळी झाली होती. पडद्यावरच्या त्या धुरात दोन मात्रा एकमेकींत मिसळून एक जाड मात्रा दिसत होती. पत्रिकेचा फोटो हरेशच्या मोबाइलवर गेला. हरेश तेव्हा मंडपवाल्याशी बोलत होते. त्यांनी एक अंगठा आणि दोन जोडलेले हात पाठवले. पाचशे पत्रिका कल्याणहून छापून आल्या.

पहिल्या साठ पत्रिका लांबच्या लोकांना गेल्या. त्यातली एक टोकावड्याला शामकडे पोचली. शाम गुरुजींचा जुना विद्यार्थी, माळशेज रस्त्यावर त्याचा ढाबा आहे. त्यानं पत्रिका उघडली, खालची ओळ वाचली, भट्टी विझवायला सांगितली आणि शर्ट बदलून एसटीत बसला. मुरबाडला गाडी बदलली. भर उन्हात तो गुरुजींच्या गावात उतरला, तेव्हा गुरुजी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते.

शाम अंगणातच थबकला. चपला काढल्या, परत घातल्या. मग त्याला रडूच फुटलं.

"का रे शाम, कोण गेलं?" गुरुजींनी विचारलं.

शामनं पत्रिका पुढे केली. गुरुजींनी ती चष्म्याशिवाय वरपासून खालपर्यंत वाचली, बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, "मी. बस. जेवून जा."

हरेशचा फोन प्रेमाताईंना तासाभरात आला. "प्रेमाताई, माझ्या जित्या बापाला मारलात तुमी! लग्नाचं घर आहे. बायका रडतायत घरात."

प्रेमाताईंनी गठ्ठ्यातली पत्रिका काढली. कागदावर दोन मात्रा, सुईनं टोचल्यासारख्या स्वच्छ. पडद्यावर बघितलं, एक. परत कागद, दोन. परत पडदा, एक. त्यांनी हितेशला फोन लावला आणि फाइल पाठवली.

"माझ्याकडं बरोबर दिसतंय ताई," हितेश म्हणाला. "दोनच मात्रा आहेत."

त्या दिवशी प्रेमाताईंनी चार वाजताच दुकानाचं शटर ओढलं. घरी जाऊन तांदूळ निवडत बसल्या. साईनाथराव धरणावरून आले आणि म्हणाले, "निवडलेलेच परत निवडतेस." तेव्हा प्रेमाताईंच्या लक्षात आलं. लोक काय म्हणतील याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. उद्या गुरुजी दारात उभे राहिले तर पन्नास वेळा काय लिहायला सांगतील, याचीच त्यांना भीती वाटत होती. वय वर्षं एक्कावन्न.

गुरुजी खरंच आले. सकाळच्या पहिल्या एसटीनं, काखेत पत्रिकांचा गठ्ठा. प्रेमाताई हात जोडून उभ्या राहिल्या. "चुकलं गुरुजी. आमी सगळ्या परत छापून देतो."

"ते नंतर. 'कै.' म्हणजे काय?"

"कैलासवासी."

"बरोबर. म्हणजे 'के'ची जागा 'कै.'नं घेतली. मागं राहिलं 'आर. गुरुजी'. या तालुक्यात आर. गुरुजी नावाचा कुणी मास्तर आहे?"

"नाय."

"मग जो नाहीच तो गेला. मी आहे." गुरुजी खुर्चीत बसले. "हे हरेशला काल दोनदा समजावलं. त्याचं व्याकरण पहिल्यापासून कच्चं. आता मला हे सांग, तुला दिसलं कसं नाही?"

प्रेमाताईंनी पडदा दाखवला. गुरुजींनी नाक लावून बघितलं. "हे तर पावसात भिजलेल्या वहीसारखं आहे. याला फार चांगला पडदा म्हणतात ना?"

"सगळ्यात चांगला."

"आणखी कसा दिसतो?"

त्यांनी शंभर टक्के करून दाखवलं. मुंग्या आल्या. गुरुजी मागं टेकले आणि कुणाच्याशा दशक्रियेचा कागद तिथूनच घडाघडा वाचू लागले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन्ही मोतीबिंदू काढलेले, एका डोळ्यात जवळचं भिंग बसवलेलं. "छान आहे की. दुसऱ्या ओळीत 'शोकाकूल'मधला 'कू' ऱ्हस्व कर."

परत छापायला वेळ नव्हता. हरेश छापा म्हणत होते, घरातल्या बायका अपशकुन झाला म्हणत होत्या, आणि गुरुजींच्या खिशात दाढीचं अर्धं पातं होतं. शाळेत हजेरीपटावरची चूक खोडायला मनाई होती, म्हणून ती पात्यानं खरवडायची, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. त्यांनी एक पत्रिका काढली, वरची मात्रा दोन हातांत उडवली. 'के. आर. गुरुजी' जिवंत झाले. पण गुलाबी कागदावर पांढरा ओरखडा राहिला.

प्रेमाताईंनी ओरखड्याकडे बघितलं, मग देव्हाऱ्यातल्या हळदीच्या वाटीकडे. पत्रिकेला हळदकुंकू लागतंच. ते कोपऱ्याला लावायचं की नावाला, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? त्यांनी करंगळीनं हळदीचा टिपका बरोबर ओरखड्यावर ठेवला.

दुपारभर दोघं बसली. गुरुजी खरवडत होते, प्रेमाताई टिपका लावत होत्या. चारशे चाळीस पत्रिका. मधेच गुरुजी म्हणाले, "पन्नास वेळा लिहायला लावायचो त्यापेक्षा हे बरं. यात दोघांनाही शिक्षा होते."

राहिल्या साठ. तिथं गुरुजी स्वतः जाऊन दिसून आले. सात दिवस लागले. प्रत्येक घरी चहा, काही ठिकाणी जेवण, आणि दोन ठिकाणी त्यांच्याबद्दल आदल्या दिवशी काय काय चांगलं बोललं गेलं होतं तेही ऐकायला मिळालं. लग्न थाटात झालं. पुढच्या महिन्यात एक गिऱ्हाईक प्रेमाताईंना म्हणालं, "वेखंड्यांच्या पत्रिकेत म्हाताऱ्याच्या नावावर हळद होती ना, तशी आमच्याही आजोबांच्या नावावर लावा. मान असतो तो." आता किन्हवलीच्या बाजूला ती रीतच पडत चालली आहे. प्रेमाताई कुणालाच कारण सांगत नाहीत.

मधल्या काळात साईनाथरावांनी त्यांना शहापूरला चष्म्याच्या दुकानात नेलं. चार महिने सगळ्यांनी वायर बदलली, मशीन बदलली, विंडोज बदललं, पण प्रेमाताईंचे डोळे तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नंबर चांगला वाढला होता. नवा चष्मा लावून त्या मोठ्या आशेनं दुकानात आल्या, दीडशे टक्क्यांवर जुना प्रोग्रॅम उघडला. आता धुरकटपणा अगदी स्वच्छ दिसत होता.

तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता एक गोष्ट केली. सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे ठिपके निम्म्यावर आणले, आडवे निम्मे, उभे निम्मे. टक्के शंभर. जुना प्रोग्रॅम एकदम माणसात आला. अक्षरं मोठी, बटणं हाताला येतील अशी, मात्रा वेगळ्या. कडा थोड्या जिन्यासारख्या, पण त्यांचं कधीच कुणाशी वाकडं नव्हतं.

वैष्णवी आली तेव्हा बघून तिचा चेहरा उतरला. "आई, अगं फोर-के आणला आणि तू हे साधं करून टाकलंस. चार ठिपके मिळून एकाचं काम करतायत."

"आपल्या ग्रामपंचायतीत तरी काय वेगळं चालतं?" प्रेमाताई म्हणाल्या.

दर गुरुवारी मात्र गुरुजी मजकूर तपासायला येतात आणि तेवढ्यापुरते पडद्याचे सगळे ठिपके परत कामाला लागतात. गुरुजी मुंग्या वाचतात. त्यामुळे चुका राहिल्या नाहीत आणि गिऱ्हाइकं थोडी कमी झाली. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ ते सरळ काढून टाकतात, कारण काकाचं लग्न पुतण्यांनी लावायचं नसतं. एकदा वाढदिवसाच्या मजकुरातलं 'कृणाली' हे नाव त्यांनी 'कुणाली' करून ठेवलं. मुलीचा बाप भांडायला आला. "नावच कृणाली आहे तिचं!" गुरुजी म्हणाले, "शाळेत नाव घालताना कुणी बघितलं नाही, त्याला मी काय करू?"

गेल्या गुरुवारी त्यांनी वहीतला एक कागद काढून प्रेमाताईंपुढे ठेवला. सुरेख अक्षर. 'कै. काशिनाथ राघो वेखंडे यांचा दशक्रिया विधी', पुढे तारखेची जागा मोकळी.

"गुरुजी, हे काय काढलंत?"

"प्रत्येकाचा मजकूर मी तपासतो. हा कोण तपासणार? हरेश अंगठा पाठवेल. आत्ताच टाइप कर, मी वाचून देतो."

प्रेमाताई नको नको म्हणत होत्या, पण तिसरीच्या वर्गातलं ऐकणं काही सुटत नाही. त्यांनी टाइप केलं. डोळे भरून आल्यामुळे पडदा पुन्हा धुरकट झाला होता. गुरुजींनी पडद्याचे सगळे ठिपके परत लावायला सांगितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि 'उत्तरकार्य'वर थांबले. "र्य बरोबर आहे. ठीक."

"मग काय करू याचं?"

"सेव्ह कर," गुरुजी छत्री उचलत म्हणाले. "घाई नाही."